डाव्या मनगटापाशी ऐकलेला शब्द

आधीच सांगते, होस्टेलवर कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की "झोपा आता, उद्या लेक्चर आहे" म्हणून लाइट बंद करणारी मुलगी मीच. एमबीबीएस करतेय, आणि आमच्या पारनेरकडच्या घरातही अंगात येणं, उतारे टाकणं असलं काही नाही. त्यामुळे हे लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय... कशाची, ते कळेलच.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातलंच आहे – आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण तोंडात नगरच बसलंय. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले. ॲडमिशन मिळाली तेव्हा गावातल्या पोरांनी एसटी स्टँडसमोर माझा हा एवढा मोठा फ्लेक्स लावला होता – 'गावाची शान, भावी डॉक्टर'. फोटोत माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप, जो मी तोवर हातातही धरला नव्हता! निकाल लागला तरी फ्लेक्स तिथंच. पप्पा डेअरीवर दूध घालायला मागच्या रस्त्याने जायला लागले. "कोनी इचारलं तर काय सांगू, म्हनत्यात," आई फोनवर एवढंच म्हणाली. सप्लीमेंटरीतही उडाले असते तर बॅच सुटली असती. फ्लेक्सवरची शान ज्युनिअर पोरांच्या बाकावर!

सप्लीवाल्यांसाठी ॲनाटॉमीच्या मॅडमनी दुपारचा डिसेक्शन हॉल उघडा ठेवला होता. आमच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ होते, देहदान केलेले. नाव आम्हाला सांगत नाहीत, सगळे नुसतं 'बाबा' म्हणायचो. काम सुरू करण्याआधी हात जोडायचे, ही तिथली रीत. बाबांच्या उजव्या हाताचं डिसेक्शन पूर्ण झालेलं होतं. डावा मात्र मॅडमनी तसाच ठेवायला सांगितला होता, त्याला ब्लेडसुद्धा लागलं नव्हतं.

त्या दुपारी मी आणि माझी रूममेट स्नेहल दोघीच होतो. स्नेहल पाणी प्यायला बाहेर गेली. खिडकीचा उजेड अडू नये म्हणून मी बाबांच्या डाव्या बाजूला उभी राहून, पलीकडे वाकून, उजव्या हातातल्या नर्व्हज बघत होते. कुठली कुठून जाते ते काही केल्या डोक्यात बसत नव्हतं. फॉर्मेलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि थोडं फॉर्मेलिनशिवायही येत होतं. त्यात बाबांचा डावा हात टेबलाच्या कडेबाहेर आलेला, सारखा माझ्या पोटाला लागत होता. ताठ असतो तो, सहज हलत नाही. मी वैतागले. मनगट धरलं आणि जोरात हिसका देऊन आत ढकललं.

"हळू."

अगदी स्पष्ट. रागावून नाही... सुई टोचून घेताना आपल्या घरातलं म्हातारं माणूस म्हणेल ना, तसं. मी मागे वळले. हॉल रिकामा, वर पंखे फिरतायत. पुढे मी जे केलं ते कुठल्याही भावी डॉक्टरला शोभणारं नाही. मी म्हणाले, "सॉरी बाबा."

"कुणाशी बोलतेस गं?" दारातून स्नेहल.

"पाठ करतेय," मी म्हणाले. तो 'हळू' तिने ऐकला नव्हता. मीही मनाला समजावलं – झोप नाही, टेन्शन आहे, होतं असं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले एक्झामिनर सर त्याच टेबलापाशी उभे होते. त्यांनी डाव्या हाताकडे बोट केलं. "रेडियल पल्स कुठे बघशील? दाखव."

सोपा प्रश्न. मी मनगटावर बोटं ठेवली आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, हळू... इथं दुखतं त्यांना."

सगळे फिसकन हसले. सरही हसले. "दुखतं? कुणाला दुखतं, डॉक्टर?"

माझे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. संपलं, बॅच गेली. सरांनी हसत हसतच तिथं अंगठा ठेवला... आणि थांबले. पुन्हा दाबून पाहिलं, मॅडमना बोलावलं. नंतर तो हात उघडला तेव्हा कळलं – हाड कधीकाळी मोडलेलं, आणि वाकडंच जुळलेलं. बाहेरून दिसण्यासारखं काही नव्हतं. वर्षभर आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"गुड पॅल्पेशन," सर म्हणाले, म्हणजे बोटांनी चाचपून छान ओळखलंस. मी पास झाले.

हिसका देताना तो उंचवटा माझ्या बोटांना जाणवला असेल का? असेलही. मी स्वतःला हे शंभरदा विचारलंय. पण मग 'दुखतं' कुठून आलं? आणि त्याआधीचा तो 'हळू'?

खरा त्रास पुढेच झाला. मॅडम नव्या मुलांना माझं उदाहरण द्यायला लागल्या – देहाला पेशंट समजून हात लावणारी विद्यार्थिनी! मी मान खाली घालून बसायचे, तर सगळ्यांना वाटायचं, काय साधी मुलगी आहे. देहदान केलेल्यांच्या कुटुंबीयांचा कॉलेजने सत्कार ठेवला, तेव्हा मुलांच्या वतीने बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. बोलले. आदर, कृतज्ञता, सगळं. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी एक आजी सुनेचा हात धरून माझ्यापाशी आल्या. राहात्याकडच्या होत्या.

"पोरी, लई चांगलं बोललीस. आमचं मालक बी हितंच हायेत," आजी म्हणाल्या. "त्यांचा डावा हात तेवढा नाजूक. गाडीवरनं पडलं हुतं, पर दवाखान्यात गेलं न्हाई. हाड तसंच बसलं. थंडीत लई ठणकायचा. मी बी त्याल लावताना जपून लावायची."

माझ्या हातातला चहाचा कप मी टेबलावर ठेवला.

आजींनी आवाज खाली आणला. "तिथं कुनी हिसकला-बिसकला तर न्हाई ना गं?"

सून ओशाळली. "आत्या, त्यास्नी काय कळतंय आता..."

आजींनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"नाही आजी," मी म्हणाले. "आम्ही सगळे जपूनच धरायचो."

"मंग झालं तर," म्हणून त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. हिसका दिला होता तो हाच.

तो आवाज कुणाचा होता, मला आजही सांगता येत नाही. मनाचे खेळ म्हणा, योगायोग म्हणा... मी वाद घालणार नाही. आजींना मी 'नाही' का म्हणाले, ते मात्र मला पक्कं माहीत आहे – त्यांना वाईट वाटू नये म्हणून नाही, माझी शान जाऊ नये म्हणून.