उठल्यावर एक गोळी

किडनी प्रत्यारोपणाच्या फेलोशिपला मुंबईत लागलो तेव्हा माझ्या अंगात मिजास होती. बाकीचे फेलो नागपूरचे, चेन्नईचे; रायगडच्या पेशंटशी बोलावं तर माझ्यासारख्या पेणच्या माणसानेच! विभागप्रमुख सर पाच मिनिटं समजावायचे, मी ते एका वाक्यात आटपायचो. त्या एका वाक्यानेच घात केला.

रोह्याचा एक कामगार, केमिकल कंपनीतला. किडनी बायकोने दिलेली. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी दर बारा तासांनी गोळी, जन्मभर. घरी सोडताना मी म्हटलं, "दादा, घड्याळ-बिड्याळ सोडा. सकाळी उठल्यावर एक, रात्री झोपताना एक." वर नर्सकडे ऐटीत पाहिलं.

काही महिन्यांनी तो कामावर रुजू झाला आणि रक्तातल्या औषधाचं प्रमाण वरखाली व्हायला लागलं. मग क्रिएटिनिन चढलं. म्हणजे किडनी धोक्यात. सर म्हणाले, "गोळ्या चुकवतोय." मी फाइलीत तेच लिहिलं, ठळक. बायकोदेखत त्याला झापलंही.

त्याने मान खाली घातली. ती मात्र उसळली. "एक गोळी चुकवली नाय ह्यांनी! उठले का घेतात, झोपताना घेतात. तुमीच सांगितलंत ना?"

"उठतात कधी?"

"नाइट असली का सकाळी नवाला झोपतात, दुपारी तीनला उठतात."

सहा तासांत दोन गोळ्या, मग अठरा तास काहीच नाही. कंपन्यांच्या बस बघत मी पेणमध्ये वाढलो, आणि रोह्याच्या कामगाराला विचारलं नाही की बाबा, तुझी सकाळ कधी होते!

मी फाइलीतल्या ओळीवर एक रेघ मारली. खाली लिहिलं, 'पेशंटने गोळ्या चुकवल्या नाहीत. सूचना मी चुकीची दिली.' सही केली.

सर बाजूला घेऊन म्हणाले, "परीक्षा तोंडावर आहे तुझी. 'गैरसमज झाला' एवढं लिही."

"गैरसमज कुठे झाला, सर? त्याने शब्दन् शब्द पाळला."

"हे विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचावं लागेल."

"वाचतो." 'चुकवतो' असा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी शिक्का वाचतो, मग पेशंट. माझ्या शहाणपणाचा शिक्का त्याने का वागवायचा? मी ओळ बदलली नाही.

त्या दोघांकडे परत आलो आणि या वेळी घड्याळ काढलं. "सकाळी आठ, रात्री आठ. शिफ्ट कुठलीही असो."

तो चाचरला. "सेकंड असली का आठला मी कंपनीत. सुपरवायझर मशीन सोडू देत नाय."

"त्याला सांगा," बायको म्हणाली, "'किडनी माज्या बायकोची हाय. काय बोलायचं ते तिच्याशी बोल.'"