थंडे मिस्त्री आणि तापलेला पंखा

सगळं आयुष्य ट्रकच्या पोटाखाली काढूनही ट्रकला इतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. थंडे मिस्त्री पानासुद्धा असा उचलायचे, जणू तो चावेल. कामाला हात घालण्याआधी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात, बॅटरीची तार सोडवून बाजूला, चारही चाकांना लाकडी ठोकळे. एवढं करून गाडीभोवती एक फेरी, कुठून पळता येईल ते बघायला. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे इंजिन गार झाल्याशिवाय बोटही लावायचं नाही. 'गाडी थंड झाल्यावरच बोला' अशी पाटी त्यांनी गॅरेजच्या दारावर रंगवली होती. त्या पाटीनं त्यांचं खरं नाव कायमचं गिळून टाकलं.

या भीतीला कारण होतं. उमेदीच्या वयात त्यांच्यासमोर त्यांच्या उस्तादांनी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडालं. उस्ताद वाचले, पण एक डोळा गेला. तेव्हापासून मिस्त्री चहाच्या कपाकडेही संशयानं बघत. "घ्या हो, बांधून आणलाय त्याला," असं मिस्त्रीणबाई म्हणत.

अशा माणसाला जावई मिळाला तो ट्रक ड्रायव्हर, आणि तोही हसऱ्या तोंडाचा. त्याच्या छोट्या ट्रकच्या रेडिएटरमागे विजेवर चालणारा पंखा होता. इंजिन तापलं की त्यानं आपोआप फिरायचं आणि पाणी गार ठेवायचं. पण हा पंखा म्हणजे रुसलेली आत्याबाई. मनात आलं तर उठणार, नाही तर हाका मारा खुशाल!

जावई तीनदा गाडी घेऊन आला. तिन्ही वेळा मिस्त्रींनी आधी गाडी गार होऊ दिली. तेवढ्यात जेवण झालं, वामकुक्षी झाली. मग पंख्याला थेट बॅटरीची तार लावली की पंखा भर्रकन फिरे.

"ठणठणीत आहे. तुम्ही गाडी दामटता, जावईबापू."

तिसऱ्यांदा असं ऐकून जावई गेला, आणि पुढच्याच फेरीला घाटाच्या ऐन चढावर बॉनेटमधून वाफा आल्या. इंजिन बंद करावं लागलं. मालानं भरलेला ट्रक हँडब्रेक ओढूनही चार हात मागे सरकला. मागचं चाक कड्यावरच्या दगडाला टेकून थांबलं. दगडापलीकडे फक्त हवा होती.

घरी येऊन जावयानं हे हसत सांगितलं. मिस्त्रींची लेक हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला आणि ट्रकला घेऊन गॅरेजात हजर झाली.

"बाबा, उद्या यांना त्याच घाटानं जायचंय. एवढंच सांगा, पंखा फिरेल की नाही?"

मिस्त्रींनी तार लावून दाखवली. "हा काय, फिरतोय की!"

"आत्ता गाडी थंड आहे, बाबा! दुखणं तापात आहे, आणि तुम्ही ताप उतरल्यावर नाडी बघताय!"

मिस्त्री शेजारच्या टायरवर मटकन बसले. तीनदा तपासलं होतं आणि तीनदा बघायचं तेच राहिलं होतं. आता एकच मार्ग होता. इंजिन मुद्दाम तापवायचं, आणि चालू, तापल्या इंजिनात हात घालायचा.

हवा अडवायला रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून जावयानं इंजिन चालू केलं आणि तो तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसला. मिस्त्री आत जाऊन आले ते जाड कोट, हातमोजे आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घालून.

"मामा, पंखा बघायचाय की बँक लुटायचीय?"

"काटा बघा, काटा!" हेल्मेटातून आवाज आला.

"अर्ध्यावर आला... अर्ध्याच्या वर... मामा, पंख्याची वेळ झाली."

पंखा ढिम्म. रबरी पाइप फुगून टणक झाला. कुठूनतरी बारीक फुसफुस सुरू झाली. मिस्त्रींचे पाय त्यांना विचारल्याशिवाय दाराकडे निघाले होते. ते त्यांनी परत आणले. तपासणीच्या दिव्याचं टोक पंख्याच्या जोडणीला लावायचं तर जाड मोज्यात ते धरता येईना. त्यांनी मोजा काढला. उघडा हात पात्यांच्या शेजारून आत गेला. ती पाती कुठल्याही क्षणी फिरू शकत होती.

दिवा लागला.

"वीज येतेय," मिस्त्री कुजबुजले. "मोटरच बसलीय. कुणी शिंकू नका."

त्यांनी हातोडीच्या लाकडी दांड्यानं मोटरवर हलकेच ठोकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या ठोक्याला पंखा किंचाळत सुटला. दांडा हातातून उडून भिंतीवर आपटला आणि कोटाच्या बाहीची चिंधी पात्यांतून बाहेर भिरकावली गेली. मिस्त्री जागच्या जागी गोठले. मग त्यांनी हात हळूहळू डोळ्यांसमोर धरला.

"किती आहेत गं?"

"पाच," लेक म्हणाली.

इंजिन गार झाल्यावर मोटर उघडली. आतले, मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून वाकडे झाले होते. थंड असताना ते सरकत, तापले की अडकून बसत. नवी मोटर आणून बसवली.

"चला, मिटलं!" जावयानं किल्लीला हात घातला.

"थांबा. पुन्हा तापवा."

पुन्हा पुठ्ठा. काटा चढला, पंखा वेळेवर फिरला.

"अजून एकदा."

"मामा, आता पुरे की!"

"तीनदा थंड गाडी बघून पाठवलंय तुम्हाला. निदान तीनदा तापवू तरी द्या."

तिसऱ्यांदा काटा खुणेपाशी आला. पंखा फिरला. पण जावई हसला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"मामा, एक सांगू? त्या दिवशी घाटात माझी बोबडी वळली होती. पहिल्या वेळेपासूनच भीती वाटत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ठीक आहे म्हणालात. मला वाटलं, तुमच्यासारखा भित्रा माणूस ठीक म्हणतो, तर मी कशाला घाबरू?"

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"चौथ्यांदा तापवा," ते म्हणाले.