तारीख देणारी माणसं

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात काळाविषयी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं गेलं, ते एका माणसासाठी. तसं कोणी म्हटलं नाही. एकट्या माणसाला त्याचा दोष दाखवणं इथे असभ्य समजतात, म्हणून सगळ्या टीमला बसवतात. टीममध्ये पुण्याचा टीम लीड, नागपूरचा प्रोग्रामर, केनियाहून आलेला टेस्टर आणि मी. मी पूर्वी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते; इथे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहिते. आमचा चीफ जर्मन.

प्रशिक्षण होतं केनियन टेस्टरसाठी. त्याचा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला कच्चा काळ, संपत आला होता. नोकरी पक्की झाली तर बायकोला इथे आणायचा मार्ग मोकळा होणार होता. ती नैरोबीत सामान बांधून बसली होती. नाही झाली तर विमानात तोच बसणार होता, उलट्या दिशेने.

त्याच्याविरुद्ध तक्रार एकच होती. तो तारीख देत नसे. काम उशिरा करी असं नाही. टीममध्ये सगळ्यात जास्त चुका तोच शोधून काढी. पण सोमवारच्या बैठकीत चीफने विचारलं, "टेस्टिंग कधी संपेल?" की तो म्हणे, "शेवटची चूक सापडली की."

"आल्झो, म्हणजे कधी?"

"ती अजून सापडलेली नाही."

मग चीफच्या तक्त्यातला एक चौकोन रिकामा राही. रिकामा चौकोन आपोआप लाल होतो, आणि लाल चौकोन वरच्या मजल्यावरून दिसतो.

टीम लीडला हाच प्रश्न विचारला की तो विचार न करता सांगे, "शुक्रवार." तो शुक्रवार येई आणि जाई. मग तो पुढचा शुक्रवार देई. त्याचा चौकोन कायम हिरवा असे, कारण त्यात कायम काहीतरी लिहिलेलं असे. चीफच्या लेखी टीम लीडला नियोजनाची उत्तम जाण होती, आणि केनियन टेस्टरला ती नव्हती.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई तासभर उशिरा आल्या. एस-बान, म्हणजे इथली लोकल, सिग्नल बिघडल्यामुळे थांबली होती. कोणी भुवई उचलली नाही. जर्मनीत उशीर गाडीचा असतो आणि त्याचं कारण पाटीवर लिहून येतं. परदेशी माणसाचा उशीर मात्र त्याच्या संस्कृतीचा असतो.

बाईंनी फळ्यावर तीन आकृत्या काढल्या. युरोपचा काळ म्हणजे सरळ बाण. भारताचा काळ म्हणजे वर्तुळ. आफ्रिकेचा काळ म्हणजे मागच्या बाजूला लांबलचक आणि पुढच्या बाजूला बोटभर रेघ. आफ्रिकन विचारात भविष्यकाळ जवळजवळ नसतोच, असं त्यांनी आदराने सांगितलं. यात चांगलं-वाईट काही नाही, फक्त वेगळेपण आहे, असंही सांगितलं. मग त्या बाणावर परतल्या आणि दुपारपर्यंत तिथेच राहिल्या.

नागपूरच्या प्रोग्रामरने हात वर केला. "हे वर्तुळ माझं नाही," तो म्हणाला. "आम्ही बौद्ध आहोत. क्षण उपजतो आणि जातो, पुढचा उपजतो. कालचा मी आणि आजचा मी जसाच्या तसा एक नाही."

"फार इंटरेस्टिंग," बाई म्हणाल्या. वर्तुळ पुसलं नाही.

टीम लीड मराठीत पुटपुटला, "अरे, कशाला वाद घालतोस? जेवण लांबेल."

"तुझं वर्तुळ असेल तर तू बस त्यात. त्यातून बाहेर पडायला आमच्या आजोबांनी धर्म बदलला."

"बरं बाबा, मी बसतो. पण मला सांग, गेल्या शुक्रवारची तारीख देणारा मी आणि आजचा मी एक नाही, हे चीफला पटेल का?"

"पटेल ना! त्याच्यावरच तर चाललंय तुझं."

मग बाई टेस्टरकडे वळल्या. "आफ्रिकेत याकडे कसं पाहतात?"

"सगळ्यांना विचारलेलं नाही," तो म्हणाला. तो विनोद करत होता की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नसे. टेस्टिंगकडे वळण्याआधी तो नैरोबीत तत्त्वज्ञान शिकला होता. फळ्यावरची बोटभर रेघ कुठून आली ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं: एका विद्वानाने फार पूर्वी केलेली ती मांडणी, आणि आफ्रिकेतलेच प्राध्यापक अजून तिच्यावर भांडतायत. "माझ्या आजीला पुढची पेरणी चांगली कळत होती," तो म्हणाला. "पण तिच्यासाठी वेळ म्हणजे कामं रचून ठेवायचं रिकामं कपाट नव्हतं. गाई गोठ्यात आल्या की दूध काढायची वेळ झाली. गाई आल्या नाहीत तर ती वेळही झाली नाही. नुसती वेळ झाली आणि गाईच नाहीत, असं तिला कधी दिसलं नव्हतं."

बाई ऐकत होत्या. तो पुढे म्हणाला, "आणि बाणाचंही तसं नक्की नाही. काळ बाहेर कुठे पडलेला नसतो, आपलं मन जगाकडे ज्या चौकटीतून पाहतं ती चौकट म्हणजे काळ, हे एका जर्मन माणसानेच मांडलंय. त्याच्यावर आम्हाला अख्खा पेपर होता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या, आणि घड्याळाकडे पाहून त्यांनी कॉफीची सुट्टी जाहीर केली.

कॉफी आलेली नव्हती. आम्ही रिकाम्या टेबलाभोवती उभे राहिलो. सुट्टी वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली. आत गेल्यावर कॉफी आली, पण तोपर्यंत कॉफीची वेळ राहिली नव्हती, म्हणून ती बाहेरच गार झाली.

यात हसण्यासारखं मला फारसं वाटलं नाही, कारण मी वर्तमानपत्रातून आले होते. तिथे पान छपाईला सुटल्यानंतर जे घडे ते आमच्यापुरतं उद्या घडे. मंत्र्याने राजीनामा उशिरा दिला तर सकाळी चहा घेणाऱ्या लाखभर वाचकांसाठी तो मंत्रीच असे.

जेवताना टीम लीडने टेस्टरला बाजूला घेतलं. दोघं इंग्रजीत बोलत होते.

"तू एक तारीख दे रे. कुठलीही."

"आणि ती चुकली तर?"

"चुकणारच. मग दुसरी द्यायची. पण आधी द्यायची. तारीख म्हणजे वचन नाही. यजमान विचारतो, जेवलात का, आपण हो म्हणतो. तसं."

"चीफला हे माहीत आहे?"

"चीफ त्याच्या चीफला काय देतो असं वाटतं तुला?"

टेस्टरने काटा खाली ठेवला. "म्हणजे पुढचं काही कोणाला ठाऊक नाही, असं तुम्ही सगळेच मानता. मी ते मोठ्याने बोललो, म्हणून बोटभर रेघ माझी."

"तुझी बायको तिकडे बसली आहे," टीम लीड म्हणाला. "ते तत्त्वज्ञान तिला फोनवर सांग, बघ काय म्हणते."

टेस्टरने काटा पुन्हा उचलून बटाटे संपवले.

पुढच्या सोमवारी चीफने नेहमीचा प्रश्न विचारला. टेस्टर म्हणाला, "शुक्रवार." चीफने तारीख लिहिली, चौकोन हिरवा झाला. चीफ खुर्चीत मागे रेलला. प्रशिक्षणाचा उपयोग झाला, असं त्याने वरच्या मजल्याला कळवलं. पुढे प्रशिक्षण दुसऱ्या टीमलाही लागू झालं. टेस्टरची नोकरी पक्की झाली.

तो शुक्रवार अर्थातच चुकला. टेस्टरने गुरुवारीच पुढचा दिला. उशीर आधी कळवल्याबद्दल चीफने बैठकीत त्याचं कौतुक केलं. टीम लीडने टेबलाखालून अंगठा दाखवला.

नागपूरच्या प्रोग्रामरला हे आवडलं नाही. "तू पण त्यांच्यातलाच झालास बाप्पा," तो त्याला म्हणाला. 'बाप्पा' एवढंच मराठीत होतं. "आजीचं काय?"

"आजीकडे कोणी राहण्याचा परवाना मागितला नव्हता," टेस्टर म्हणाला, आणि स्क्रीनकडे वळला. त्या दिवशी त्याला आणखी दोन चुका सापडल्या.

बायकोच्या परवान्याचं काम मग पुढे सरकलं. टीम लीड त्याला अधूनमधून छेडत असे, "काय, वहिनींचा शुक्रवार कुठला?" चीफला न मागता तारखा देणारा टेस्टर यावर फक्त हसे.

वसंतात एका सकाळी त्याने कॉफी मशीनजवळ सांगितलं की त्याची बायको घरी आहे आणि शेगडीची बटणं तिला अजून उमजलेली नाहीत.

"अरे, कधी आली?" टीम लीड जवळजवळ ओरडलाच. "आधी सांगायचंस ना! गाडी घेऊन आलो असतो विमानतळावर!"

"आधी काय सांगणार होतो?" टेस्टर म्हणाला. "आता आली आहे."