सरावाची यादी

दवाखाना बंद पडला आणि तिथल्या काउंटरवर अठरा वर्षं बसलेल्या ताईंवर पंचेचाळिशीत नव्याने बोलायला शिकायची पाळी आली. पाणी शुद्ध करायची मशीनं विकणारी कंपनी होती आणि काम होतं अनोळखी लोकांना फोन करायचं. तीन आठवड्यांत जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ.

शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. माणूस मोठा लाघवी. पहिल्या दिवशी ताईंच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तो हसला नाही. खुर्ची ओढून जवळ बसला.

"आधी घरच्यांवर सराव करा. दहा नावं, नंबर लिहा. आणि प्रत्येकापुढे एक ओळ, हा माणूस कशाने विरघळतो."

ताईंना तो देवमाणूस वाटला. त्यांनी अगदी जीव ओतून यादी केली. आईपुढे लिहिलं, 'दुपारी एकटी असते. जेवलात का विचारलं की तिला नाही म्हणवत नाही.' आईवर सराव करताना दोघी पोट धरून हसल्या. तपासतो म्हणून मास्तरांनी यादी ठेवून घेतली.

हळूहळू ताईंची भीड चेपली. आधी नाव, मग काम सांगायचं. नकार मनाला लावून घ्यायचा नाही. आणि फोन समोरच्याने ठेवायचा, आपण कधीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात नव्या याद्या वाटल्या. ताईंच्या फोनवर एक गृहस्थ जुन्या फिल्टरची कर्मकहाणी सांगत होते. एवढ्यात शेजारची मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली, "आजी, जेवलात का?" ताईंच्या काळजात चर्र झालं. पण गृहस्थ फोन ठेवीनात, आणि शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ताई हं हं करत राहिल्या. ते थांबले तोवर मुलीने कागदावर बरोबरची खूण केली होती. ताईंनी कागद ओढला. त्यांचीच दहा माणसं होती, त्यांच्याच शब्दांत छापलेली.

"तुम्ही सरावाला म्हणून लिहून घेतलंत," त्या मास्तरांना म्हणाल्या.

"सगळ्यांकडूनच घेतो, ताई. तुमची सगळ्यात छान होती."

ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. जिन्यात जाऊन त्यांनी आईला फोन लावला.

"अगं, तुझ्याच ऑफिसातली मुलगी होती," आई खुशीत म्हणाली. "तुझं नाव घेतलं तिने, मग मी कशाला विचारत बसू? हो म्हणून टाकलं. आता तुला पक्की करतील ना?"