लाजेच्या रकान्यातली खूण

"मावशी, हसा बघू."

मी हसले. मनापासून हसले. चेहरा जागचा हलला नाही.

"बघा," डॉक्टरीणबाई पोरांकडे वळून म्हणाल्या, "लाकडी मुखवटा." सहाही शिकाऊ डॉक्टर खुदकन हसले. त्यांचे चेहरे काय छान हलतात!

पार्किन्सनचं हे माझं चौथं वर्ष. मी सारसोळ्याची कोळीण. नेरुळच्या मासळीबाजारात नकला करत मासे विकले. गिऱ्हाईक सुरमई घ्यायला यायचं, हसता हसता बोंबीलही घेऊन जायचं.

सकाळची गोळी घेऊ नका, असा हॉस्पिटलचा निरोप होता. म्हणजे थरथर चांगली दिसते. अकराला बोलावलं, एकला आत घेतलं. तोवर मी आखडलेली. उठवायला दोघं लागले. मग एक शर्ट दिला, बटणं लावा म्हणाले. मी झटत होते, एकजण मोबाइलवर वेळ लावून बघत होता.

मग फॉर्म आला. आजारात माणसाचं जगणं किती सुखाचं उरलंय ते मोजायचा. प्रश्न माझ्याबद्दल. विचारले पोरांना.

"छंद जोपासताना अडचण येते?"

"मासेवालीला कसला छंद, मॅडम?" एक पोरगी म्हणाली.

"लागू नाही, लिही. पुढं. चारचौघांत लाज वाटते?" बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शिळ्या बांगड्याकडे पाहतात तसं. "कधीच नाही. हे लोक बाजारात बसतात. ह्यांना सवय असते."

पोरीनं खूण केली.

बाजारात मी हात पदराखाली लपवून बसते. मागच्या महिन्यात सोसायटीतल्या एका बाईनं हात बघून विचारलं, "सकाळीच घेतलीस का गं?" तेव्हापासून मासे माझी जाऊ कापते. मी नुसत्या हाका मारते. आणि इथे, कधीच नाही!

"पेन दे मना," मी म्हणाले. आवाजही बसलाय. कोणी ऐकलं नाही. मग टेबलावर हात आपटला. तो हलतच होता, मी फक्त जोर लावला.

"पेन दे. लाज माजी हाय. मीच लिवन."

सातवी शिकलेय मी. ती खूण खोडली. 'नेहमी'वर रेघ ओढायला गेले, ती तीन रकाने ओलांडून गेली. पोरं घड्याळ बघायला लागली. बघू देत. मी दोन तास बसले होते. खाली कोरी जागा होती. तिथे वाकड्यातिकड्या अक्षरांत माझा प्रश्न लिहिला: डॉक्टर आजाऱ्याला विचारतात का? पुढे उत्तरही लिहिलं: कधीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद उचलला. "खराब केला. हा बाद."

माझ्यासमोर फाडला.

दर तीन महिन्यांनी बोलावतात. मी जाणार. गोळी घेऊन जाणार. आत शिरताच पेन मागणार. चेहरा हलणार नाही, त्यामुळे मी गंमत करतेय असं कोणाला वाटणारही नाही. माझ्या वतीनं बोलणारा एकेक फॉर्म मी असाच बाद करत जाईन.