वॉरंटीत न बसणारं कुंकू

ग्राहक आयोगाचा निकाल आमच्या बाजूनं लागला. भेटेल तो अभिनंदन करतो, पेढे कधी देता म्हणून विचारतो. मी मान डोलावतो आणि गाडीला किक मारतो. खरं सांगायचं तर मी दमलोय, आणि जिंकल्यासारखं मला काहीच वाटत नाही.

भांडण बाबांच्या कानाच्या मशीनचं होतं. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं. आई आयुष्यभर त्यांच्याशी बोलत आलेली. सकाळी भाजी निवडताना ती सुरू व्हायची आणि बाबा पेपराआडून नुसतं ‘हूं’ म्हणायचे. ते ‘हूं’ बंद पडलं तेव्हा आई कावरीबावरी झाली. म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही चांगल्या कंपनीचं श्रवणयंत्र घेतलं. मशीन कानात बसली आणि वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत पुन्हा बडबड सुरू झाली. कधी कधी मला तिचा वैतागही यायचा.

पोळ्याच्या सुमारास मशीन खरखरायला लागली. मी कंपनीला मोबाईलवर मेसेज केला. तक्रार नोंदवली आहे, असं उत्तर लगेच आलं. त्यापुढे काहीच आलं नाही. तेवढ्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. आईनं पाटावर विळा, कात्री, मिक्सर, माझा लॅपटॉप असं सगळं मांडलं आणि त्या वर्षी बाबांची मशीनही आणून ठेवली. “घरात सगळ्यात जास्त काम तं हेच करते,” असं म्हणून तिनं मशीनला हळदीकुंकवाचं बोट टेकवलं, वर दोन अक्षता वाहिल्या. मी शेजारी उभा राहून हात जोडले.

दिवाळीच्या तोंडावर मशीन पुरतीच बंद पडली. आई आणि मी ती घेऊन नागपूरला सर्व्हिस सेंटरवर गेलो. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती. पाणी लागलं होतं का, खाली पडली होती का, असं ती विचारत होती आणि मी नाही, नाही म्हणत होतो. मध्येच आई पुढे वाकली.

“बाई, दसऱ्याच्या पूजेत हिले हळदकुंकू लावलं होतं मी. त्याच्यानं तं नाई झालं असंन ना?”

मुलगी हसली. मग शेवटच्या रकान्यात तिनं एक ओळ लिहिली. मी स्वतः कारकून आहे. अशा एका ओळीपायी माणूस किती हेलपाटे घालतो हे मला ठाऊक आहे, कारण अशा ओळी मीही लिहिल्या आहेत.

बसस्टँडवर माझा ताबा सुटला. “काऊन बोलली तू? कोणी इचारलं होतं तुले?”

“खरं तेच तं सांगतलं,” आई म्हणाली.

“नको सांगत जाऊ. जिथं तिथं तोंड उघडाची गरज काय हाये? तू बोलतच नको जाऊ!”

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. आईनं पदर सावरला आणि वर्ध्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मला वाटलं होतं तेच झालं. कंपनीचा मेल आला. सोबत मशीनच्या छिद्राचा मोठा करून काढलेला फोटो. कडेला तांबडा कण. ग्राहकाच्या हातून बाहेरचा पदार्थ आत गेला, सबब दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. मी उलट लिहिलं, की खरखर पूजेच्या आधीपासूनची आहे. त्यांनी पुन्हा तोच फोटो पाठवला. तिसऱ्यांदा लिहिलं तर तोच फोटो, वर दिलगिरी. सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर कंपनीनं उत्तर दिलेलं असल्यानं तीही बंद झाली. उत्तर काय दिलंय हे कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

मग मी जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते आणि वकील केलाच पाहिजे असं नाही, हे मला तेव्हा कळलं. वकील नव्हता म्हणून प्रत्येक तारखेला मीच अर्धी रजा टाकून जायचो. कंपनीचा वकील कधी मुदत मागायचा, कधी त्याचं उत्तर तयार नसायचं, कधी तो यायचाच नाही. पोळा आधी, दसरा नंतर, एवढंच माझं म्हणणं. ते मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं.

इकडे घरात बाबा मशीनशिवाय बसलेले. आधी आई ओरडून बोलायची. गल्लीला ऐकू जायचं, बाबांना नाही. मग ती खुणांवर आली. हात तोंडाकडे नेला की जेवण, फाटकाकडे बोट दाखवलं की कुणीतरी आलंय. दोघांचं बरं चाललं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. पुढच्या खंडेनवमीला तिनं पाटावर फक्त विळा आणि कात्री ठेवली.

“मिक्सरले नाई लावत का?” मी विचारलं.

“राहू दे. बिघडला तं माह्यावरच येईन.”

त्या दिवशी मी तिची माफी मागायला हवी होती. मी ऑफिसला उशीर होतोय म्हणालो आणि निघून गेलो.

अखेर आयोगानं माझा तो पोळ्याचा मेसेज ग्राह्य धरला. बिघाड कुंकवानंच झाला हे कंपनीनं सिद्ध केलं नाही, सबब नवी मशीन द्यावी. ती कुरिअरनं घरपोच आली. मी बाबांच्या कानात बसवली. बाबा खुर्चीत ताठ बसले. कुकरची शिट्टी झाली, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बाहेरून रद्दीवाला ओरडत गेला, पुन्हा मान हलवली. मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं आई दारात आली आणि रोजच्यासारखा तिनं हात तोंडाकडे नेला.

“मशीन चालू हाये माही,” बाबा म्हणाले. “आवाज दे नं.”

आईचा हात तसाच राहिला. तिनं बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. लहान मूल परवानगीसाठी बघतं तसं. मला फार लाज वाटली.

“बोल नं आई,” मी म्हणालो.

“भाजी थंडी होऊन राह्यली,” ती म्हणाली, इतक्या हळू, की बाबांनी कानामागचं बटण दाबून आवाज वाढवला.