नाल्यातलं बेशरम

जेसीबीचा पंजा वर आला तेव्हा त्यात आम्ही लावलेला वाळा होता, मुळांसकट. मी स्कूटी रस्त्यावरच सोडली आणि ओरडत नाल्यात उतरले.

"थांबवा ते!"

ऑपरेटरने इंजिन बंद केलं. "काहून? बेशरम काढाले सांगतलं ना."

बेशरम हे आमच्याकडे एका झुडपाचं नाव. कितीही तोडा, पुन्हा फुटतं, म्हणून बेशरम.

"हा वाळा आहे. बेशरम ते तिकडचं, जांभळ्या फुलांचं."

"नाल्यातलं सारंच बेशरम असते, मॅडम."

तोवर नाल्याचं वळण बोडकं झालं होतं.

माझं काम स्टॉर्मवॉटरचं. म्हणजे सांडपाणी नव्हे. पावसात छपरांवरून, रस्त्यांवरून धावत येणारं पाणी. अमरावतीबाहेर घरांसाठी प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटचं असं सगळं पाणी या जुन्या नाल्यात सोडलं होतं. पूर्वी ते शेतात मुरायचं. आता एकदम यायचं आणि वळणावर धडका द्यायचं. नेमका त्याच काठावर पुंडलिकरावांचा झेंडूचा आणि पालकाचा मळा, काठाला लागून त्यांची विहीर. काळी माती भिजली की फुगते आणि निसटते. सिमेंटची भिंतही तिथे तडकते. म्हणून आम्ही वरच्या अंगाला उथळ तळं खोदलं, पाणी जरा थांबावं म्हणून. वळणाला उतार दिला, त्यावर वाळा आणि लव्हाळा लावला. त्यांची मुळं माती धरू लागली होती. बेडूक आले, पाणकोंबड्या आल्या. मला त्या वळणाचा अभिमान वाटायचा, उगाच कशाला लपवू?

पुंडलिकराव ऑपरेटरसाठी चहा घेऊन आले.

"मॅडम, कायले चिडता? साप निघून राह्यले होते तितून. मीच म्हनलं सायबाले, साफ करा म्हून."

"भाऊ, त्या गवताच्या भरवशावर तुमची विहीर उभी आहे."

"विहीर माह्या आज्यानं बांधली. गवतानं नाही."

साप माझ्या घरात निघत नव्हते.

मी लेआउटच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला.

"वर्क ऑर्डरमध्ये 'बेशरम काढणे' आहे," ते म्हणाले. "काढलं."

"बेशरमाची चार झुडपं होती तिथे. तुम्ही सगळंच काढलं."

"मग काम जास्तच झालं ना! मॅडम, रविवारी गिऱ्हाईक प्लॉट पाहायला येणार. नाला स्वच्छ दिसला पाहिजे."

उघडी माती धरून ठेवायला काथ्याची जाळी अंथरतात. तेवढी तरी द्या, म्हणून मी काकुळतीला आले. "पुढच्या महिन्यात बघू," साहेब म्हणाले. उपटलेला वाळा आम्ही दोन मजूर घेऊन परत खोचला. पण खोचलेलं गवत आणि रुजलेलं गवत यात फरक असतो.

पाऊस पुढच्या महिन्यासाठी थांबला नाही. पहिल्याच मोठ्या सरीनंतर मी गेले तर वळण जागेवर नव्हतं. झेंडूच्या ओळी वाहून गेल्या होत्या. विहिरीची नाल्याकडची बाजू ढासळून आत गढूळ पाणी शिरत होतं. पुंडलिकराव उरलेल्या बांधावर उकिडवे बसले होते. त्यांच्या घरात कमावण्याचं दुसरं साधन नव्हतं.

"मॅडम, आता लावा ना ते गवत."

"लावायला काठ कुठे आहे, भाऊ?"

माझा आवाज चढला. राग त्यांच्यावर नव्हता, पण समोर तेच होते.

"मीच बेशरम, मॅडम. मलेच काढाले पायजे होतं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आता पुंडलिकराव अचलपूरकडून दुसऱ्यांची फुलं आणून अमरावतीच्या बाजारात विकतात. लेआउटचे सगळे प्लॉट गेले. आणि मी कुठल्याही नाल्याच्या कामात आधी लिहायला लावते की काय काढायचं नाही. साहेब लोक हसतात. म्हणतात, हे काय लिहायचं असतं का? असतं.